थांबवा, मागे न्या, पुन्हा पाहा

निवृत्त खेळाडूच्या हाती ध्वनिक्षेपक दिला म्हणजे तो खेळाविषयी बोलेलच, असा भरवसा कोणी धरू नये. तो बहुधा स्वतःविषयी बोलतो. स्वतःविषयी बोलून झाले की आपल्या काळाविषयी बोलतो; आणि तेही सरले की समोर जो कोणी पराक्रम करील त्याची वाहवा करीत बसतो. यात त्याचा सर्वस्वी दोष आहे असेही नाही. ज्यांनी बोलाविले त्यांचा मान राखावयाचा असतो, जुन्या सोबत्यांची भीड असते, आणि घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांची मर्जी तर सांभाळावीच लागते. या तिन्हींचे ओझे ज्याच्या जिभेवर आहे त्याच्याकडून सत्यकथनाची अपेक्षा करणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचे दोष मोठ्याने सांगण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. म्हणूनच हे ओझे बाजूस सारून बोललेला एखादा खेळाडू आढळला, तर तो सातासमुद्रापलीकडचा का असेना, आणि त्याचा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला का नसेना, त्याची ओळख करून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते. कॅनडाचे हॉवी मीकर हे असे गृहस्थ होते.

आमच्या या किनाऱ्यावर बर्फाचा संबंध येतो तो मासळीच्या पेटीशी, फार तर सरबताच्या पेल्याशी. त्या बर्फावर माणसे खेळतात, आणि एक अख्खे राष्ट्र त्या खेळापायी वेडे होते, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाचीच वाटेल. बर्फावरील हॉकी ही आपल्या परिचयाच्या हॉकीची भाऊबंद खरी, पण तिचा स्वभाव निराळा. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे भिंतींनी वेढलेले बर्फाचे मैदान, प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी इंचभर जाडीची, तीन इंच व्यासाची टणक रबरी चकती. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ चालू असतानाच दमलेले गडी भिंतीवरून बाहेर उड्या टाकतात आणि ताजे आत येतात. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन आडवे करणे येथे नियमात बसते. या साऱ्या धांदलीचा वेग इतका की, गोल झाला एवढे प्रेक्षकाला कळते. तो का झाला, हे मात्र त्याच्या डोळ्यांना गवसत नाही. समालोचकाची खरी गरज येथेच उत्पन्न होते, आणि त्याची खरी कसोटीही येथेच लागते.

मीकर यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२३ चा, ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर गावचा. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या सैन्यात होते. इंग्लंडमध्ये सरावाच्या वेळी एक हातबॉम्ब त्यांच्या पायांपाशीच फुटला आणि ते जबर जखमी झाले. पायांवर ज्याचा सारा प्रपंच त्या खेळाडूचे पायच असे सापडावेत, याहून कठीण प्रसंग कोणता? परंतु तरुण वय आणि जिद्द यांच्या बळावर ते सावरले, आणि १९४६ च्या हिवाळ्यात टोरांटोच्या मेपल लीफ्स संघातून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरले. ८ जानेवारी १९४७ रोजी शिकागोविरुद्ध त्यांच्या नावावर एकाच सामन्यात पाच गोल लागले. नवोदिताने एका सामन्यात पाच गोल करावेत असे त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत केवळ एकदा घडले आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या डॉन मर्डॉक यांनी ती बरोबरी केली. त्या मोसमात मीकर यांचे २७ गोल झाले आणि उत्कृष्ट नवोदिताचा कॅल्डर चषक त्यांना मिळाला. त्याच वर्षी गॉर्डी हाऊ नावाचा एक अठरा वर्षांचा पोरगा डेट्रॉइटकडून प्रथमच खेळला आणि त्याचे अवघे सात गोल झाले होते. पुढे हाऊ हे या खेळातील सार्वकालिक श्रेष्ठांपैकी एक ठरले, आणि मीकर यांची कारकीर्द आठ मोसमांत आटोपली. पहिल्या वर्षाच्या बक्षिसावरून माणसाचे भविष्य वर्तवू नये, ते असे.

मीकर संघात असताना टोरांटोने स्टॅन्ली चषक चार वेळा जिंकला: १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१. यांपैकी १९५१ चा विजय कॅनडात आजही आख्यायिकेसारखा सांगितला जातो. जादा वेळेत बिल बॅरिल्को या तरुण बचावपटूने निर्णायक गोल केला. त्या गोलास ज्यांच्या पासांचे साहाय्य झाले त्यांत मीकर यांचे नाव नोंदलेले आहे. त्याच उन्हाळ्यात बॅरिल्को विमान अपघातात नाहीसे झाले, आणि ते अवशेष हाती लागेपर्यंत १९६२ साल उजाडले. टोरांटोला पुढचा चषकही १९६२ सालीच मिळाला.

१९५१ च्याच जूनमध्ये मीकर यांनी आणखी एक उडी घेतली. वॉटर्लू दक्षिण मतदारसंघातील पोटनिवडणुकीत प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे उभे राहून सत्ताविसाव्या वर्षी ते कॅनडाच्या संसदेत गेले. म्हणजे संसदेचे सभासद असतानाच हे गृहस्थ रात्री बर्फावर धडका देत आणि घेत होते! १९५३ च्या सार्वत्रिक निवडणुकीस मात्र ते उभे राहिले नाहीत. खेळातील लोकप्रियतेच्या शिडीवरून राजकारणाच्या माडीवर चढणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. ती माडी आपली नव्हे हे दोन वर्षांत ओळखून मुकाट्याने खाली उतरणारे किती, हा हिशेब वाचकांनीच करावा.

पाठीच्या दुखण्याने त्यांचा खेळ संपत आला. ३४६ सामने, ८३ गोल, एवढी शिल्लक घेऊन १९५४ साली ते लीगमधून बाहेर पडले. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारख्या गडगंज रकमा मिळत नसत. लीगमध्ये अवघे सहा संघ, खेळाडूंची संघटना नाही, आणि मालकाच्या शब्दापुढे दुसरा शब्द नाही. निवृत्त झालेल्याने पुढे काय करावे, याची फिकीर करणारे कोणी नव्हते. मीकर प्रशिक्षक झाले. १९५६-५७ च्या मोसमात मेपल लीफ्सचीच धुरा त्यांच्याकडे आली. सत्तर सामन्यांपैकी एकवीस जिंकले, चौतीस हरले आणि संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. तरीही त्यांना बढती देऊन सरव्यवस्थापक नेमण्यात आले, आणि पुढचा मोसम सुरू होण्यापूर्वीच त्या पदावरून दूरही करण्यात आले. मालकलोकांच्या मर्जीचा हा लंबक कोणत्या दिशेने कधी झुकेल हे सांगणे कठीणच.

येथवरची हकीकत एखाद्या बऱ्या खेळाडूच्या सामान्य उत्तरायुष्याची आहे. पुढे जे घडले त्याची मुळे आम्हाला त्या अपयशानंतरच्या वर्षांत दिसतात. मीकर न्यूफाउंडलंडला गेले. अटलांटिक महासागरातले हे बेट १९४९ सालीच कॅनडात सामील झाले होते. मोठ्या शहरांच्या झगमगाटापासून ते दूर होते. तेथे सेंट जॉन्स शहरी त्यांनी संघ शिकविले, मुलांच्या हॉकीशाळा चालविल्या. चषकविजेता, माजी संसदसभासद, आणि समोर आठ-दहा वर्षांची पोरे! परंतु लहान मुलास शिकविणाऱ्याला जे कळते ते मोठ्यांच्या संघाच्या चालकाला पुष्कळदा कळत नाही. मोठा खेळाडू चुकला तर आपण त्याला बदलतो. मूल चुकले तर ते का चुकले हे शोधावे लागते. पाय कोठे होता, नजर कोठे होती, काठीवर हाताची पकड कशी होती, हे सारे पाहावे लागते. मीकर यांना असे आढळून आले की, आपल्या देशात मुलांना सामने फार खेळावयास लावतात आणि शिकवितात फार थोडे. एका सामन्यात एका मुलाच्या काठीला ती चकती लागते ती क्षणाक्षणाने मोजण्याइतकी. मग ते मूल शिकणार कधी? नीट घसरता येण्यापूर्वी, मान वर ठेवून चकती खेळविता येण्यापूर्वी, त्याला धडक कशी द्यावी हे शिकविले जाते. हे मत त्यांनी पुढे आयुष्यभर सोडले नाही.

साठचे दशक सरत असताना त्यांना ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या कार्यक्रमात सामन्याचे विवेचन करण्यासाठी बोलावण्यात आले. या कार्यक्रमाचे कॅनडातले स्थान आपल्याकडील कोणत्याही कार्यक्रमाशी ताडून पाहणे अवघड आहे. फॉस्टर ह्युइट यांनी १९२३ पासून नभोवाणीवरून हॉकीचे समालोचन सुरू केले होते, आणि शनिवारची रात्र म्हणजे हॉकीची रात्र ही सवय त्यांच्या आवाजाने दोन पिढ्यांना लाविली होती. १९५२ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि आवाजाला चित्र जोडले गेले. परंतु समालोचनाची रीत बरीचशी तीच राहिली. कोण धावला, कोणी मारला, कोणाला लागला, आणि गोल झाल्यावर एक आनंदाचा चीत्कार. संघमालक समालोचकांवर डोळा ठेवून असत. त्यांना न रुचणारे बोलणाऱ्याचे स्थान डळमळीत होई. दोष दाखविणे हे शिष्टसंमत नव्हते.

अशा बैठकीत मीकर येऊन बसले. त्यांचा आवाज चिरका आणि कर्कश. अनेकांना तो असह्य होई. बोलणे गावंढळ म्हणावे इतके साधे. ‘जिमिनी क्रिकेट’ यासारखे बायकापोरांत चालणारे निरुपद्रवी उद्गार त्यांच्या तोंडी सतत असत. मात्र गोलाची चित्रफीत दाखविली जाऊ लागली की ते तंत्रज्ञाला ओरडून सांगत: तिथेच थांबवा! मागे न्या, अजून मागे न्या! लिओनार्ड रायफेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पडद्यावरील चित्रावर रेघा ओढण्याचे जे यंत्र बनविले होते, ते मीकर यांनी फळ्यावरच्या खडूप्रमाणे हाती धरले. चित्र थांबले की त्यावर ते वर्तुळ काढीत. पाहा, हा बचावपटू चकतीकडे बघतो आहे, माणसाकडे बघतच नाही. आणि हा त्याचा सोबती पाहा, मोकळा उभा आहे, काठी बर्फावर टेकवून वाट पाहतो आहे. त्याच्याकडे पास देण्याचे सोडून याने चकती आंधळेपणाने भिंतीवर का भिरकावली? गोल झाला होता गोलजाळीपाशी, आणि मीकर यांचा खडू फिरत असे मैदानाच्या दुसऱ्या टोकास. गोल ही एका वीराची करणी नसून तीन-चार माणसांच्या चुकांचे किंवा शहाणपणाचे फळ असते, ही दृष्टी कॅनडातील सामान्य प्रेक्षकाला आली, तीत त्यांच्या या रेघांचा वाटा मोठा होता.

खेळाडूंना हे आवडले असेल असे समजण्याचे कारण नाही. लाखो लोकांसमोर आपली चूक गोठवून, तिच्याभोवती पांढरे कडे करून दाखविली जावी, हे कोणाला रुचेल? आणि दाखविणारा कोण? ज्याच्या हाताखालच्या संघाने सत्तरांतले एकवीसच सामने जिंकले तो! हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु तो पत्करावयाचा तर प्रत्येक शाळामास्तराने आधी कलेक्टर होऊन दाखवावे असे म्हणावे लागेल. संघ जिंकविण्यास माणसे सांभाळण्याची कला लागते, कदाचित ती मीकर यांच्याकडे नसेल. पाहण्याची आणि उकलून सांगण्याची कला वेगळी, आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती. मात्र एक गोष्ट त्यांच्या विरुद्ध पारड्यात टाकलीच पाहिजे. करमणुकीसाठी बसलेल्या माणसाला दर गोलागणिक धडा ऐकविणे हेही कधी कधी अति होते. शनिवारच्या रात्रीही शाळा सुटू नये हा जुलूमच, असे एखाद्या श्रमलेल्या कामगाराला वाटले असल्यास आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

परंतु ती शाळा किती निकडीची होती हे १९७२ च्या सप्टेंबरात दिसून आले. तोवर कॅनडातील लोकांची अशी दृढ समजूत होती की, जगज्जेतेपदाच्या स्पर्धा सोव्हिएत रशिया जिंकतो तो केवळ आपले व्यावसायिक खेळाडू तेथे जात नाहीत म्हणून. अखेर कॅनडाचे निवडक व्यावसायिक आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका ठरली. रशियनांना एक तरी सामना जिंकता येईल काय, यावर विनोद होत होते. २ सप्टेंबर रोजी माँट्रियल येथे पहिला सामना झाला आणि सोव्हिएत संघाने तो ७-३ असा जिंकला. व्हँकूव्हरच्या चौथ्या सामन्यात तर घरच्याच प्रेक्षकांनी आपल्या संघाची हुर्यो उडविली. मालिका मॉस्कोत गेली. २८ सप्टेंबरच्या अखेरच्या सामन्यात शेवटची ३४ सेकंद उरली असताना पॉल हेंडरसन यांनी गोल केला आणि कॅनडाने चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी अशी ती मालिका कशीबशी खिशात घातली. देशभर जल्लोष झाला, आणि तो स्वाभाविकच होता.

पराभवाने डोळे उघडतात हे आपण नेहमी ऐकतो. येथे विपरीत धोका होता. ३४ सेकंदांच्या विजयाने उघडलेले डोळे पुन्हा मिटण्याचा. रशियन मुले पास देणे, घसरणे, चकती ताब्यात ठेवणे यांचा वर्षानुवर्षे पद्धतशीर सराव करून आली होती. कॅनडाच्या वीरांनी सामना खेचून आणला तो प्रामुख्याने ईर्ष्येच्या जोरावर. ईर्ष्या हा गुण खरा, पण तो अभ्यासक्रम होऊ शकत नाही. मीकर यांनी आपला हेका सोडला नाही. १९७३ मध्ये त्यांचे खेळाच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक निघाले आणि ते घरोघरी गेले. त्याच वर्षापासून १९७७ पर्यंत ‘हॉवी मीकर्स हॉकी स्कूल’ हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम कॅनडाच्या दूरचित्रवाणीने दाखविला. त्याचे चित्रण सेंट जॉन्स येथेच झाले. समोर मुले, गळ्यात शिट्टी, आणि तोच चिरका आवाज: गुडघे वाकवा, मान वर ठेवा, काठी बर्फावर ठेवा. मोठ्या सामन्यात वर्तुळात घेतलेली चूक लहान मुलांच्या हातून मुळातच कशी टळेल, याचा हा पाठ होता. दोष दाखवून मोकळे होणारे टीकाकार उदंड आढळतात. दोषाच्या उगमाशी जाऊन, पायांत स्केट चढवून बर्फावर उभे राहणारा टीकाकार विरळा.

येथे आम्हाला आपल्याकडील दोन नावे सहज आठवतात. विविध भारतीवरून रविवारी दुपारी क्रिकेटवर संयतपणे बोलणारे विजय मर्चंट हे कसोटीचे गाजलेले फलंदाज होते, आणि मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन रुजविणारे बाळ ज. पंडित हेही रणजी सामने खेळलेले गृहस्थ होते. दोघांच्या बोलण्यात अभ्यास असे आणि आरडाओरड नसे. आजच्या वाहिन्यांवरील कंठशोष ऐकताना त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. असो.

मीकर ज्या कार्यक्रमाने घडविले त्यानेच ऐंशीच्या दशकापासून आणखी एका माजी खेळाडूला डोक्यावर घेतले. डॉन चेरी यांचे नाव. नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडू म्हणून त्यांचा वावर एका सामन्यापुरता, १९५५ सालचा. पुढे बॉस्टनचे प्रशिक्षक म्हणून मात्र ते यशस्वी झाले होते. भडक रंगांचे कोट, उंच ताठ कॉलर, मारामारीचे उघड समर्थन आणि युरोपीय खेळाडूंविषयीची तुच्छता, या भांडवलावर त्यांनी सुमारे चार दशके लोकांना दोन डावांच्या मधल्या वेळेत खिळवून ठेवले. त्यांच्या खेळज्ञानाविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती वेगळीच. मीकर प्रेक्षकाला त्याच्या संघातील उणीव दाखवीत. चेरी त्याला सांगत की तुझ्यात उणीव नाहीच, उणीव परक्यात आहे. दुसरे ऐकणे कानाला अधिक गोड लागते, आणि म्हणूनच ते अधिक काळ चालले. नोव्हेंबर २०१९ मध्ये देशात येऊन स्थायिक झालेल्या लोकांविषयी ते जे बोलले, त्यामुळे त्यांना काढून टाकण्यात आले. योगायोग असा की, त्याच ‘हॉकी नाइट’चे पंजाबी समालोचन २००८ पासून सुरू झालेले होते. पंजाबातून गेलेल्या कुटुंबांतील आजी-आजोबा हरनारायण सिंग यांच्या तोंडून आपल्या भाषेत हा बर्फावरचा खेळ समजून घेत होते. खेळ उकलून सांगण्याची मीकर यांची परंपरा अशा अनपेक्षित ठिकाणी अंकुरलेली पाहून आम्हाला मौज वाटली.

मीकर पुढे पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबियात राहावयास गेले आणि १९९८ पर्यंत दूरचित्रवाणीवर बोलत राहिले. त्याच वर्षी हॉकी समालोचनासाठीचा फॉस्टर ह्युइट स्मृती पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षाच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, जपानातील नागानो येथे, कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू उतरले आणि पदकाविना परत आले. पुन्हा देशभर आत्मपरीक्षण सुरू झाले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये टोरांटो येथे मोठी परिषद भरली. तीत मुलांचे सामने कमी करून सराव वाढवावा, कौशल्यावर भर द्यावा, अशा सूचना झाल्या. पंचवीस-तीस वर्षे एक चिरका आवाज जे सांगत होता तेच आता ठरावाच्या भाषेत उतरले. २००२ साली कॅनडाच्या पुरुष संघाने पन्नास वर्षांनी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्याचे सारे श्रेय त्या परिषदेला किंवा मीकर यांना देणे हा भाबडेपणा होईल. तीन वर्षांत पिढी घडत नसते.

२०१० च्या अखेरीस ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान त्यांना जाहीर झाला. मतिमंद म्हणून समाजाने एकेकाळी बाजूस टाकलेल्या मुलांसाठी ज्या विशेष ऑलिंपिक स्पर्धा भरतात, त्यांच्यासाठीही त्यांनी उतारवयात पुष्कळ काम केले होते. ८ नोव्हेंबर २०२० रोजी नानाइमो येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी चारच दिवस त्यांना सत्त्याण्णवावे वर्ष पुरे झाले होते.

त्याआधी सात वर्षे, २०१३ च्या मे महिन्यात, कॅनडाच्या हॉकी महासंघाने अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत अंगाने धडक देण्यास देशभर बंदी घातली. लहानग्यांच्या डोक्याला होणाऱ्या दुखापती हे त्याचे मुख्य कारण होते. त्या ठरावाच्या वेळी मीकर एकोणनव्वद वर्षांचे होते.